राजीनाम्याचा कागद बाजूला ठेव

खानापूर

चि. अश्विनी हिला आई-बाबांचे अनेक आशीर्वाद.

डॉक्टरांनी फाईलवर मेनिएर, म्हणजे आतल्या कानाचा चक्करेचा आजार, असं लिहिलं आणि तू लगेच राजीनाम्याचं विचारलंस. एवढ्यात नको. सीएनसी सेटर म्हणून, म्हणजे संगणकावर चालणारी मशीनं लावून देणारी म्हणून, तू दिवसभरात एक काम करत नाहीस, पंधरा करतेस. त्यातल्या प्रत्येक कामाला एकच प्रश्न विचार: हे करताना अचानक गरगरलं आणि दोन मिनिटं उभं राहता आलं नाही, तर काय होईल? उत्तर ‘जॉब (मशीनवर घडणारा नग) रिजेक्ट होईल, लोक बघतील’ एवढंच असेल तर ते काम ठेव. उत्तर ‘हात जाईल’ असेल तर ते आजपासून बंद.

बाबांनी त्यांच्या फौंड्रीच्या अनुभवावरून तुझी कामं वेगळी काढली आहेत. बंद करायची ती ही: शिडीवर किंवा मशीनच्या माथ्यावर चढणं, माथ्यावरच्या ईओटी क्रेनखाली स्लिंग अडकवणं, फोर्कलिफ्ट, बेंच ग्राइंडर, हाताच्या लेथवर फिरत्या जॉबला एमरी लावणं, आणि फौंड्रीकडे गेलीस तर ओतकामाच्या वाटेत उभं राहणं. राहतं ते बरंच आहे. प्रोग्रॅम लिहिणं, टूल ऑफसेट, पहिल्या नगाची तपासणी, सीएमएम या मापं घेणाऱ्या मशीनवरचं मोजमाप, ड्रॉइंग, कस्टमरचे कागद. बंद दाराचं सीएनसीही चालेल, पण दाराचा इंटरलॉक, म्हणजे दार उघडताच मशीन थांबवणारा स्विच, शाबूत हवा. उद्यमबागेतल्या कारखान्यांत कितीतरी मशीनांचा स्विच तार बांधून बायपास केलेला असतो, सायकल टाइममधले चार सेकंद वाचवायला. तसलं मशीन तू घ्यायचं नाही, आणि ते सुपरवायझरला तोंडी सांगून भागणार नाही, लिहून द्यायचं.

आता चक्करेच्या अटॅकचं. बऱ्याचदा आधी एका कानात दडा बसतो, आतला आवाज चढतो, माणसांचं बोलणं डब्यातून आल्यासारखं वाटतं. ही सूचना दर वेळी मिळतेच असं नाही, पण मिळाली की ‘एवढा जॉब संपवते’ म्हणायचं नाही. फीड होल्ड, म्हणजे टूलची चाल थांबवायचं बटण, दाब, ते जमलं नाही तर सरळ इमर्जन्सी. इन्सर्ट (टूलचं पातं) मोडला तर मोडू दे. जागच्या जागी जमिनीवर बस. बाथरूमकडे चालत जायचं नाही, त्या वाटेवरच पडायची भीती. कुशीवर आडवी हो, डोळे उघडे ठेवून एकाच ठिकाणी नजर लाव, मान हलवू नकोस. ॲप्रनच्या खिशात जाड प्लास्टिकची पिशवी आणि डॉक्टरांनी दिलेली जिभेवर विरघळणारी गोळी कायम असू दे. गिळायची गोळी उलटीबरोबर बाहेर पडते, म्हणून ही. ही गोळी फक्त अटॅकपुरती. रोज घेत राहिलीस तर सुस्ती राहतेच, शिवाय मेंदू तोल सावरायला शिकतो त्यात ती आडवी येते.

शेजारच्या मशीनवरच्या दोघांना आधीच सांगून ठेव, नाहीतर कोणी फिट समजून कांदा हुंगवेल, कोणी हातात किल्ली देईल, कोणी तोंडात लिंबू-सरबत ओतेल. उलट्या चालू असताना तोंडात काहीच घालायचं नाही. त्यांना सांगायची वाक्यं तीनच: ती शुद्धीवर असते, तिला हलवू नका, घड्याळ बघा. आणि एक अपवाद. बोलणं अडखळलं, तोंड वाकडं झालं, हातपाय लुळा पडला, एकाचे दोन दिसले किंवा शुद्ध गेली, तर ते मेनिएर समजायचं नाही. लगेच मोठ्या दवाखान्यात.

घड्याळ का, तर निदानाची सगळी मदार वेळेवर आहे. २०१५ मध्ये ठरलेल्या आंतरराष्ट्रीय निकषांत मेनिएरचा अटॅक २० मिनिटं ते १२ तास धरतात, असे किमान दोन हवेत, आणि त्याच कानात खालच्या-मधल्या स्वरांची बधिरता ऑडिओग्रामवर, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीच्या आलेखावर, दिसायला हवी. कूस बदलली की मिनिटभराच्या आत येऊन जाणारी चक्कर वेगळी, ती कानातले कण सरकल्याची. अर्धशिशीतूनही चक्कर येते आणि ती मेनिएरशी हमखास गोंधळते. म्हणून छोट्या वहीत लिही: तारीख, सुरू झालेली वेळ, किती मिनिटं, कोणता कान, डोकं दुखलं का, उजेड सोसवत होता का, आदल्या रात्रीची झोप, शिफ्ट, पाळीची तारीख, बाहेर काय खाल्लं. तीन महिन्यांत त्यातून काहीतरी दिसू लागतं. शिफ्ट बदलाच्या पहिल्या दोन दिवसांतच अटॅक येतात असं दिसलं, तर कायम एकच शिफ्ट मागायला तेवढा पुरावा पुरे.

ऑडिओग्राम एक चांगल्या दिवशी काढ आणि एक अटॅकनंतर दोन-तीन दिवसांत. २५० आणि ५०० हर्ट्झवर, म्हणजे खालच्या स्वरांवर, रेघ खाली जाते आणि पुन्हा वर येते. ही ये-जा कागदावर आली की ‘मनाचं असेल’ म्हणणाऱ्यांची तोंडं बंद. आपल्यातलेही आहेत की तसे. त्यांना सांग, पॅरिसच्या प्रोस्पेर मेनिएरनं १८६१ मध्येच मांडलं की ही चक्कर डोक्यातली नाही, कानातली आहे. बाकी आतल्या कानातलं पाणी फुगतं इथवर कळलं आहे, का फुगतं ते अजून नीट कळलेलं नाही.

कान अचानक एकदम गेला आणि सकाळी उठून परत आला नाही, तर ‘बघू आठवडाभर’ नाही. त्याच दिवशी ईएनटीकडे. स्टेरॉइडचा उपयोग व्हायचा तर सुरुवातीच्या दिवसांतच होतो.

एका कानानं कमी ऐकू आलं की आवाज कुठून आला ते कळत नाही. शॉपमध्ये हे चक्करेइतकंच धोक्याचं. फोर्कलिफ्टचा हॉर्न ऐकू येतो, पण ती डावीकडून की उजवीकडून ते समजत नाही. म्हणून पिवळ्या पट्ट्यांच्या आतूनच चालायचं, वळणावर थांबून दोन्हीकडे बघायचं, आणि मशीन अशा बाजूचं मागायचं की चांगला कान गल्लीकडे येईल. इअर मफ दोन्ही कानांवर लाव. आठ तासांना ९० डेसिबल ही कारखान्यांची मर्यादा, आणि फेटलिंगचे (ओतीव मालाच्या कडा घासायचे) ग्राइंडर ती सहज ओलांडतात. चांगला कान आता एकटाच आहे, त्याला जप. मीटिंगमध्ये टेबलाच्या टोकाला बस, म्हणजे सगळे चांगल्या कानाकडे येतील. फोनच्या ॲक्सेसिबिलिटी सेटिंगमध्ये ‘मोनो ऑडिओ’ चालू कर, नाहीतर इअरफोनमधला अर्धा आवाज वायाच जातो. अटॅकच्या दुसऱ्या दिवशी प्रोफाइल प्रोजेक्टर (जॉबची सावली मोठी करून दाखवणारं यंत्र) आणि भरभर सरकणारा स्क्रीन टाळ. त्या दिवशी कागदकाम कर.

मीठ. ते सोडायचं नाही, मोजायचं. दिवसाला १५०० ते २००० मिलिग्रॅम सोडियम असं साधारण सांगतात, म्हणजे सगळं धरून पाऊण चहाचा चमचा मीठ. भक्कम चाचण्या याच्या पाठीशी नाहीत, तरी बऱ्याच जणांना फरक पडतो आणि खर्च काही नाही. एक दिवस अळणी आणि दुसऱ्या दिवशी जत्रेचं जेवण हे तर नकोच, रोज सारखं हवं. आपल्याकडे मीठ भाजीतून कमी आणि ताटाच्या डाव्या बाजूनं जास्त जातं: लोणचं, पापड, सांडगे, खारातली मिरची, सुकं बांगडं. पापडखार आणि खायचा सोडा हेही सोडियमच. कॅन्टीनचं सांबार वाटीभर घ्यायचंच असेल तर पापड सोड. शेंगदाण्याची चटणी मी बिनमिठाची कुटून देते, वरून लिंबू पिळ. चहा दोन कप.

इथं एक गोष्ट नीट वाच. उन्हाळ्यात भट्टीच्या बाजूला घाम गळतो म्हणून कंपनी ओआरएस वाटते. एक लिटर ओआरएसमध्ये १७०० मिलिग्रॅमच्या आसपास सोडियम असतं, म्हणजे तुझा दिवसाचा कोटा संपला. पण उलट बाजूही आहे. डॉक्टरांनी लघवी वाढवणारी गोळी दिली असेल, तू मीठही कमी केलंस आणि वरून उष्णतेत काम केलंस, तर रक्तदाब घसरून वेगळीच घेरी येईल आणि तू ती मेनिएर समजशील. म्हणून डॉक्टरांना ‘मी फॅक्टरीत आहे’ एवढंच सांगू नकोस, ‘भट्टीपासून किती फुटांवर, किती तास’ ते सांग. कमी सोडियमचं म्हणून मिळणारं पोटॅशियमवालं मीठ त्यांना विचारल्याशिवाय आणू नकोस.

स्कूटी बंद. वाद नको. लायसन्सच्या फॉर्म १ मध्येच विचारलेलं असतं की कोणत्याही कारणानं अचानक घेरी येते का, आणि आता त्याचं खरं उत्तर ‘हो’ आहे. तिसऱ्या रेल्वे गेटाच्या गर्दीत अटॅक आला तर तुझ्याबरोबर दुसऱ्याचाही जीव जायचा. अटॅक थांबून बरेच महिने गेल्यावर डॉक्टरांनी लिहून दिलं तर बघू. कर्नाटकच्या शक्ती योजनेत बायकांना सरकारी साधी बस फुकट आहे, आधार जवळ ठेव. उभ्यानं जायची वेळ आली तर दारापासून लांब राहा.

कंपनीला अर्ज इंग्रजीत कर. ‘मला चक्कर येते, हलकं काम द्यावं’ असं लिहिलंस की एचआर घाबरतं आणि तुला पॅकिंगला बसवतं. वर बाबांनी केलेली वाटणी तशीच मांड: ही सहा कामं करू शकत नाही, ही सात पूर्ण क्षमतेनं करते, बसायला अशी जागा हवी, एकच शिफ्ट हवी, सहा महिन्यांनी फेरविचार करू. सोबत डॉक्टरांचं सर्टिफिकेट, दोन्ही ऑडिओग्राम. पोच घेतल्याशिवाय हलू नकोस.

अपंगत्वाच्या कार्डावर आशा ठेवून बसू नकोस. २०१६ च्या कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यात चक्कर नाही, आणि कमी ऐकू येण्यासाठी दोन्ही कानांत ६० डेसिबलची बधिरता लागते. तुझा तर एकाच कानाचा त्रास आहे. ईएसआय, म्हणजे कामगारांचा राज्य विमा, मात्र आहे, कारण पगार २१,००० च्या आत आहे. आजारपणाच्या रजेत सरासरी पगाराच्या ७० टक्के, वर्षाला ९१ दिवसांपर्यंत मिळतात, पण वर्गणीचे ७८ दिवस भरलेले हवेत आणि सर्टिफिकेट ईएसआयच्याच डॉक्टरांचं लागतं. अटॅकच्या दिवशी खाजगीत गेलीस तर ते कागद नंतर मान्य करून घेताना दमशील.

औषधांबद्दल थोडंच. बीटाहिस्टीनची गोळी जेवणाबरोबर घे, नाहीतर पोट बिघडतं. २०१६ मध्ये जर्मनीतल्या २२१ रुग्णांवरच्या चाचणीत ती आणि खोटी गोळी यांत फरक दिसला नाही, अटॅक मात्र सगळ्यांचेच कमी झाले. म्हणून स्वतःहून बंद करू नकोस, पण ती चालू आहे म्हणून शिडीवरही चढू नकोस. पुढेमागे कानात इंजेक्शनची गोष्ट निघाली तर विचार, स्टेरॉइड की जेंटामायसिन? जेंटामायसिन त्या कानाची तोल सांभाळणारी यंत्रणाच मारतं, ऐकू येणंही जाऊ शकतं, आणि नंतर काही आठवडे झोकांड्या जातात. त्या काळाची रजा आधी ठरवून मगच हो म्हण. आणि चक्कर न येताच कोणीतरी ढकलल्यासारखी धाडकन पडलीस, तर पुढच्या तारखेची वाट बघू नकोस. त्या प्रकारात शॉप फ्लोअरवर जायचंच नाही, डॉक्टर सांगेपर्यंत.

बाबांचं म्हणणं, या वर्षात कॅमचं, म्हणजे मशीनचा प्रोग्रॅम बनवणारं, सॉफ्टवेअर आणि सीएमएमचं प्रोग्रॅमिंग शिकून घे. हत्तरगीकडच्या एरोस्पेस युनिटांना मोजमाप आणि कागद चोख करणारी माणसं लागतात, आणि ते काम एसी खोलीत, खुर्चीवर असतं. त्यासाठी पैसे लागले तर सांग.

अर्जाचा मसुदा शनिवारी घेऊन ये, बाबा बघतील. चटणीचा डबा रिकामा असेल तर तोही आण.

तुझी,
आई