पिस्तुलाच्या दस्त्याला तीन भोकं कशाला?

संपादक साहेब, नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत जुन्या हत्यारांचे फोटो छापलेत त्यावरून लिहितोय. मी 32 वर्षं टर्नर-फिटर म्हणून काम केलं, त्यामुळे म्युझियममध्ये लोक तलवारीची लांबी बघतात आणि मी बघतो कानस कुठं लागलीय. मागच्या दिवाळीत नातवाला घेऊन असंच एक म्युझियम बघायला गेलो (नाव नको, माणसं चांगली आहेत), तिथं काचेच्या पेटीत एक ठासणीचं पिस्तूल, आणि खाली चिठ्ठी, "पिस्तूल, 19 वं शतक". बास, एवढंच.

अहो त्या पिस्तुलावर काम किती झालंय! घोड्याजवळच्या पत्र्यावर (घोडा म्हणजे चाप ओढला की आपटतो तो) मुकुट धरलेला सिंह, म्हणजे ईस्ट इंडिया कंपनीचा माल. मूळचं गारगोटीच्या ठिणगीने पेटणारं, नंतर टोपीवर ठोका बसून पेटणारं केलेलं. यात कोडं काही नाही, त्या काळात असे बदल सर्रास झाले, कारण गारगोटीची ठिणगी आधी रंजकात (नळीबाहेर ठेवलेली पेटवणीची दारू) पडणार मग बार उडणार, आणि पावसात रंजक भिजलं की काम तमाम. स्कॉटलंडचा एक पाद्री होता फोर्साइथ म्हणून, त्याने 1807 मध्ये ठोक्याने पेटणाऱ्या दारूचं पेटंट घेतलं, का तर म्हणे रंजकाचा भपका बघून पक्षी बार लागायच्या आधीच उडून जायचे! (पाद्र्याला शिकारीचा केवढा नाद बघा.) त्यातूनच पुढे अशी दारू भरलेल्या तांब्याच्या छोट्या टोप्या आल्या. मग जुन्या पिस्तुलाची रंजकदानी काढायची, भोकं बुजवायची, टोपी बसायला निपल (भोकाची छोटी नळी) लावायचं, घोडा बदलायचा. इथं पितळेने बुजवलेली भोकं सरळ दिसतात, हात साफ होता कारागिराचा.

माझी झोप उडवली ती बाकीच्या कामाने. दस्त्याच्या तळाला तीन बारीक भोकं, तिरकी, शिशाने बुजवलेली. चापाभोवतीच्या कडीचा पुढचा भाग कानशीने घासून निम्मा केलाय. आणि दस्त्यावर पाच खाचा.

खाचांचं तिथल्या माणसाने लगेच सांगितलं, पाच मुडदे पाडलेत याने. नातू खूश. पण खाच कोणीही पाडू शकतो ना? अमेरिकेतल्या बॅट मास्टरसन नावाच्या जुन्या नामांकित बंदूकबाजाचा किस्सा सांगतात, एक संग्राहक पिस्तुलासाठी फारच मागे लागला म्हणून मास्टरसनने कोल्ट कंपनीचं जुनं रिव्हॉल्व्हर विकत आणलं, स्वतःच 22 खाचा पाडल्या आणि दिलं त्याला. गडी खूश होऊन गेला.

कडीचं म्हणाल तर कोल्ट कंपनीतला फिट्झगेराल्ड 1920 च्या सुमाराला रिव्हॉल्व्हरच्या कडीचा पुढचा भाग कापूनच टाकायचा, बोट पटकन चापावर जावं म्हणून. पण हे एकबारी, ठासून भरायचं, इथं घाई कसली? मालकाचं बोट जाड असेल, हातमोजा असेल, नाहीतर कडी वाकलेली सरळ करताना घासली असेल. आणि भोकं? दोरी ओवायला एक आरपार भोक पुरतं. तोल साधायला शिसं भरलं म्हणावं तर भोकं एवढी बारीक की तोळाभरसुद्धा मावणार नाही. खांद्याला टेकवायचा लाकडी दांडा बसवत असतील म्हणावं तर तीन बारीक स्क्रूवर तो झटका सहन होईल असं मला तरी वाटत नाही.

माझं म्हणणं एवढंच की चिठ्ठीवर दोन ओळी जास्त लिहा, काय बदललंय, कुठं बुजवलंय, आणि कारण माहीत नसेल तर "कारण माहीत नाही" असं सरळ लिहा, त्यात कमीपणा काय? आणि कृपा करून नळीला पॉलिश पेपर मारू नका. तिथं मारलाय, चकचकीत केलीय नळी, आणि त्यावर कारागिराचा शिक्का असेल तर तो गेला कायमचा. घरात आजोबा-पणजोबांचं काही असेल त्यांनाही हेच सांगणं.

तुमच्या वाचकांत कोणाच्या घरी बंदुका दुरुस्तीचं काम पिढीजात असेल आणि दस्त्याला अशी तीन तिरकी भोकं कोणी पाहिली असतील तर याच सदरात कळवावं. नातू दर रविवारी विचारतो आणि मी दर रविवारी नवीन काहीतरी ठोकून देतो.

एक निवृत्त टर्नर, इचलकरंजी