इसाक्वाचे मासे

रत्नागिरी

चि. मंदार,

अनेक आशीर्वाद. तुझ्याकडून, अमेरिकेहून येऊन आठ दिवस झाले. झोप ताळ्यावर आली, पण इसाक्वाच्या हॅचरीतले, त्या मत्स्यपैदास केंद्रातले, सॅमन मासे डोक्यातून जात नाहीत. फोनवर तू कायम मीटिंगच्या वाटेवर, म्हणून लिहितेय.

त्या दिवशी तुला पू पू पॉइंटचा डोंगर चढायची घाई. (नाव काढलं की बाबा अजून हसतात.) "आई, हॅचरी दहा मिनिटांत बघू, नाहीतर तिकडे पार्किंग मिळायचं नाही." आणि मी तासभर हलले नाही. तू घड्याळ बघत होतास, दिसत होतं मला. पण जन्मभर मिरकरवाड्यावर कल्ले उघडून मासे घेतलेल्या बाईला हातभर सॅमन काचेपलीकडे पाण्याच्या पायऱ्या चढताना दिसला, तर ती हलणार कशी? आपल्याकडे हॉटेलवाले रावसाला 'इंडियन सॅमन' म्हणतात. काडीचंही नातं नाही!

१९३६ सालची हॅचरी. समुद्रातून आत शिरायचं, बॅलर्डच्या जलद्वारापाशी माशांसाठी बांधलेल्या २१ पायऱ्या, मग एकामागून एक तळी, मग हा ओढा. जन्माच्या पाण्याचा वास ओळखत येतात आणि गोड्या पाण्यात शिरल्यावर काही खात नाहीत. हॅचरीत वाढलेल्या पिल्लाचा पाठीवरचा, शेपटीजवळचा छोटा पर कापून सोडतात, म्हणजे पुढे ओळखता येतो. मग मी प्रत्येकाची पाठच तपासत बसले.

गाडीत तू म्हणालास, "आता परत येण्यावर लेक्चर." देणार होते, खोटं कशाला बोलू? पण ते मासे परत येतात ते अंडी घालून मरायला. असली उपमा कुठली आई देईल?

एका मादीच्या पोटात चारेक हजार अंडी. ती केशरी रास बघून मला रवा लावलेली गाबोळीच आठवली, आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं. पावसाळ्यात मासेमारी बंद झाली की दरवर्षी कुरकुरणारी मीच ना!

चढावर मी अर्ध्यात बसले ते गुडघ्यांमुळे नाही हं. सतराशे फूट चढ होता म्हणे. ते मासे उपाशी चढतात, मी तुझी दोन सँडविचं खाऊन दमले, याचं हसू येत होतं.

काल मासेवालीने गाबोळीचे बांगडे पुढे केले. घेतले. गाबोळी मात्र बाबांच्या ताटात सरकवली. त्यांना अजून कारण कळलेलं नाही, तूही सांगू नकोस.

माझा गुडघ्याचा पट्टा तुझ्या गाडीतच राहिलाय. कुणी येणार असेल तर पाठव.

तुझी,
आई