शाळेची कमान आणि गणिताचा मास्तर

खानापूर (जि. बेळगाव, कर्नाटक)

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

आपल्या माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर तू लिहिलंस, दहावीचा निकाल असाच घसरला तर आपल्या मराठी हायस्कुलाला कुलूप लागणार. चारचौघांत वाद नको म्हणून गप्प बसलो. आता सविस्तर लिहितो.

निकाल घसरला हे खरं, पण तो राज्यभर घसरलाय. २०२३ला एसएसएलसीचा, म्हणजे आमच्या कर्नाटकातल्या दहावीचा, राज्याचा निकाल ८३.८९ टक्के होता. २०२४ला परीक्षेच्या खोल्यांत कॅमेरे आले, वेबकास्टिंग सुरू झालं, आणि ग्रेस मार्क १० वरून २० टक्के करूनही निकाल ७३.४० वर आला. पुढच्या वर्षी ती ग्रेसही गेली. खिडकीतून चिठ्ठ्या कशा यायच्या हे तुला मी काय सांगू! तेव्हा जुन्या आकड्यांवर किती भरवसा ठेवायचा ते तूच ठरव. त्यात आपल्या दहावीत पोरं कशीबशी वीसेक. एक जरी गणितात लटकलं तरी शाळेचा निकाल पाच टक्क्यांनी खाली.

तुम्हा पुण्याकडच्यांना वाटतं आमची पोरं कन्नडमुळं मार खातात. ६२५ पैकी ३२५ मार्क भाषांचे आहेत, मराठी १२५, कन्नड आणि इंग्रजी शंभर-शंभर. पण कन्नड बाजारात, बसमध्ये कानावर पडतंच, तिथं पोरं तरतात. बुडतात ती गणित-विज्ञानात.

मला खरा घोर लागलाय तो पटाचा. परवा जूनमध्ये एसडीएमसीच्या (शाळेच्या देखरेख समितीच्या) कामासाठी हेडमास्तरांसमोर बसलो होतो. (आमच्या शाळा तुमच्या आधीच उघडतात, आणि इथला पाऊस तुला ठाऊक आहे.) एक बाई भिजलेली छत्री दाराशी टेकवून आत आली, पोरीची टीसी मागायला. पोरगी नववीत गेलेली, अभ्यासात बरी. सर म्हणाले, "काय कमी पडलं, अक्का?"

"तुमचं काय नाही सर. पण गेलं निम्मं वर्ष गणिताला मास्तरच नव्हता. गल्लीतल्या सगळ्या पोरी बेळगावला चालल्यात, बस फुकट आहे. ही एकटी हितं काय करणार?"

सरांनी मुकाट्यानं रजिस्टर ओढलं. जून २०२३ला कर्नाटक सरकारची शक्ती योजना आली तेव्हापासून सरकारी बसमध्ये बायका-पोरींना तिकीट नाही. ती योजना वाईट म्हणणार नाही मी, खेड्यांतल्या पोरी त्याच बसनं आपल्याकडं येतात. पण बस दोन्हीकडं जाते. पोरगी गेली की पट घटतो, पट घटला की शिक्षक जादा ठरवून दुसरीकडं पाठवतात, मग पुढची आई टीसी मागायला येते. रिकाम्या जागेवर अतिथी शिक्षक मिळतो, पण हुकूम येईपर्यंत अर्धा पावसाळा सरतो, आणि मानधन असं की चांगला माणूस टिकत नाही. इंग्रजी माध्यमाच्या व्हॅनवर सगळं खापर फोडणं सोपं आहे. ती आई इंग्रजीसाठी आलीच नव्हती.

आता मुद्द्याचं. ग्रुपवर शाळेच्या दारातल्या कमानीसाठी वर्गणी जमतेय, तुझ्याच पुढाकारानं. राग मानू नकोस, पण कमान बघून कोण पोरगं घालणार? त्या पैशातून उन्हाळ्यातच गणिताचा एक माणूस धरून ठेवू, हुकूम येईपर्यंत त्याचा पगार आपण देऊ. आपलं हायस्कूल आठवीपासून, म्हणून एप्रिलमध्ये सातवीच्या पालकांना भेटायला जाऊ, तेव्हा सांगायला काहीतरी हातात असेल. हेडमास्तर तयार आहेत. कमानवाल्यांना समजवायचं काम मात्र तुझं, माझं ते ऐकत नाहीत.

वहिनींना नमस्कार.

तुझाच
मित्र