पळतेय खरी, पण कुणापुढे?

प्रिय सोनू,

अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज मिळाला. ‘आई, यंदा आपली टीम नुसती सुटलीय! नव्वदच्या खाली स्कोअर नाही. मार्चच्या राष्ट्रीय स्पर्धेत आपण असणारच.’ सोबत पाठवलेले तुमच्या कॉलेजचे बास्केटबॉलचे सामनेही बघितले. फोनवर या विषयाला हात घातला की तुझी प्रॅक्टिसची वेळ होते आणि माझं म्हणणं अर्ध्यावर राहतं, म्हणून म्हटलं सरळ लिहूनच काढावं. टीमचा मॅनेजर झालास आणि आता व्हिडिओचं कामही तुझ्याकडे आलंय, याचा आनंद आहेच. खेळाडूंचे टॉवेल तू गोळा करतोस हे ऐकून जरा जास्तच झाला. घरी स्वतःचा कधी उचलला नव्हतास.

आता टीमबद्दल. आधी समोर कोण होतं ते बघ. तुमच्याकडे अमेरिकेत कॉलेजचा हंगाम नोव्हेंबरच्या सुरुवातीला उघडतो आणि मोठी विद्यापीठं पहिले काही सामने घरच्या कोर्टवर, लहान विद्यापीठांना पैसे देऊन बोलावून खेळतात. लहानांच्या क्रीडा विभागाचा त्यातून थोडाफार खर्च निघतो, मोठ्यांना विजय आणि सराव मिळतो. उघड व्यवहार आहे, त्यात गैर काही नाही. पण तुमचा सहा फूट दहा इंची सेंटर समोरच्या सहा फूट सहाच्या डोक्यावरून रिबाउंड, म्हणजे चुकलेल्या शॉटचा चेंडू, काढतो आणि बाकीचे पळत सुटतात, तेव्हा ती टीमची शैली म्हणायची की नुसती उंची, हे अशा सामन्यात कळत नाही. तू पाठवलेल्यांत एकच सामना बरोबरीच्या टीमशी होता. मी तोच परत परत बघितला.

‘नव्वद’ हा आकडाही फसवा आहे. गुण बाजूला ठेव आणि पझेशन मोज, म्हणजे चेंडू किती वेळा आपल्या ताब्यात आला ते. तुझ्या स्टॅट शीटवर सगळं असतंच: फील्ड गोलचे प्रयत्न, म्हणजे मारलेले शॉट घे, त्यातून स्वतःचे ऑफेन्सिव्ह रिबाउंड (आपलाच शॉट चुकल्यावर परत मिळवलेले चेंडू) वजा कर, टर्नओव्हर (शॉट न मारताच गमावलेले चेंडू) मिळव आणि फाउलमुळे जितके फ्री थ्रो मारले त्याच्या 0.475 पट त्यात घाल. समज, एका सामन्यात 68 शॉट, 14 ऑफेन्सिव्ह रिबाउंड, 12 टर्नओव्हर, 20 फ्री थ्रो. झाली 75.5 पझेशन. त्यात 92 गुण केले, म्हणजे पझेशनमागे 1.22. दुसऱ्या सामन्यात 54 शॉट, 9 रिबाउंड, 13 टर्नओव्हर, 18 फ्री थ्रो. साडेसहासष्टच्या आसपास पझेशन. तिथे 81 गुण झाले, तरी दर तोच, 1.22. आक्रमण दोन्ही दिवशी सारखंच चाललं. दुसऱ्या दिवशी प्रेक्षक ‘आज टीम थंड होती’ म्हणत घरी जाणार आणि तूही त्यांच्यातच असणार! कॉलेजच्या पुरुषांच्या पहिल्या, म्हणजे सर्वांत वरच्या डिव्हिजनमध्ये चाळीस मिनिटांत सरासरी 68 च्या आसपास पझेशन होतात, एवढं डोक्यात ठेवलंस तरी पुरे.

शिवाय सामन्याचा वेग दोन्ही टीम मिळून ठरवतात. समोरच्याने तीस सेकंद चेंडू फिरवायचंच ठरवलं, तर तुम्ही काय करणार? पूर्वी तर कॉलेजच्या पुरुषांच्या सामन्यांत शॉट क्लॉकच, म्हणजे शॉट मारायची मुदतच नव्हती. 1985-86 च्या हंगामात 45 सेकंदांची आली, 1993-94 मध्ये 35 झाली आणि 2015-16 पासून 30. संथ खेळणाऱ्याला आजही तेवढी मुभा आहेच. जानेवारीत कॉन्फरन्सचे, म्हणजे आपल्या गटातल्या विद्यापीठांशी सामने लागतील, तेव्हा तुमचे सगळे व्हिडिओ बघून बसलेले कोच ती वापरणार. शॉट मारला की रिबाउंडला एकच माणूस ठेवायचा आणि चौघांनी मागे पळायचं. तुमचा फास्ट ब्रेक, म्हणजे बचाव जमायच्या आत पळत केलेला हल्ला, जागीच अडला.

म्हणून टीम खरोखर पळणारी आहे का, हे मी एकाच ठिकाणी बघते: आपल्यावर बास्केट झाल्यानंतर. चेंडू हिसकावला किंवा रिबाउंड मिळाला की कुणीही पळतो, माझ्याकडच्या शाळेच्या मुलीसुद्धा पळतात. समोरच्याने गुण केल्यावर, मान खाली जायच्या त्या क्षणाला जो पळतो, त्याच्या अंगात शैली मुरली म्हणायची. तू दिलेल्या सोप्या सामन्यांत तुमचा तो धिप्पाड फॉरवर्ड काय करतो बघ. चेंडू जाळीतून खाली येतो, तो जमिनीला लागायच्या आत हा झेलतो, रेषेबाहेर जातो आणि पास निघालेलाही असतो. चेंडू पुढे नेणारा पॉइंट गार्ड तोवर साइडलाइनला पोचलेला, कोर्टाकडे तोंड करून, धावतच पास घेतो. बघायला फार सुरेख. आता बरोबरीच्या टीमशी झालेल्या सामन्याचा दुसरा हाफ लाव, शेवटची दहा मिनिटं. चेंडू जाळीतून पडतो, जमिनीवर एक टप्पा, दुसरा टप्पा. फॉरवर्ड आणि सेंटर एकमेकांकडे बघतायत, ‘तू घेतोस की मी?’ गार्ड परत मागे आलाय, पाठ समोरच्या बास्केटकडे, पास घेऊन त्याला आधी वळावं लागतं. एवढ्यात पाचही बचावपटू आपापल्या जागी उभे. स्कोअरशीटवर यातलं काही दिसत नाही. मी नुसते टप्पे मोजत होते आणि जसजसे पाय थकले तसतसे टप्पे वाढत गेले.

यात मी कुणाला दोष देत नाहीये. अशा खेळाला नऊ-दहा माणसं लागतात आणि तुमचा कोच अटीतटीच्या सामन्यात सातांवरच येऊन थांबला. बाहेर बसलेल्यांवर त्याचा अजून भरवसा बसलेला नाही, आणि तोही बरोबरच आहे. निम्मी टीम ट्रान्स्फर पोर्टलमधून, म्हणजे दुसऱ्या विद्यापीठांतून बदलून आलेली, एकमेकांच्या सवयी कळायलाही वेळ लागतो. 2021 पासून पहिल्या बदलीला वर्षभर बसून राहायची अट गेली आणि दर शरद ऋतूत अर्धी टीम नवी, हे सगळीकडेच होऊन बसलंय. त्यामुळे सुरुवातीच्या सामन्यांत शैली म्हणून जे दिसतं, त्यात कोचची इच्छा बरीच असते आणि टीमच्या अंगवळणी पडलेलं थोडं. मग हंगामाभर एक तर टीम कोचच्या इच्छेपर्यंत पोचते, नाही तर कोच गपचूप आपली इच्छा बदलतो.

तुझ्या त्या डावखुऱ्या शूटरवरून हुरळून जाऊ नकोस. तीन गुणांच्या रेषेबाहेरून त्याचे निम्मे शॉट जातायत म्हणतोस. ती रेषा 2019-20 च्या हंगामात मागे सरकवून 6.75 मीटरवर नेलीय. तिथून वर्षभर निम्मे शॉट क्वचितच कुणाचे जातात. आठवडाभरात किती गेले हा बराचसा नशिबाचा भाग. किती मारले आणि कुठून मारले, ते मात्र लिहून ठेव. तो कोपऱ्यात मोकळा उभा राहून, आतून आलेल्या पासवर मारत असेल तर चुकले तरी मारू दे. ड्रिबल करत, अंगावर माणूस घेऊन मारत असेल, तर आत्ता जातायत म्हणून कुणी बोलत नाही. जायचे थांबले की सगळेच बोलतील. समोरच्यांच्या तीनच्या शॉटचंही तेच. ते चुकतायत म्हणून आपला बचाव चांगला असं लगेच धरू नये. त्यांना किती मारू दिले, ते बघावं.

आणि पळणं म्हणजेच चांगला खेळ, हे तुझ्या डोक्यात कुणी भरवलं? टोनी बेनेट कोच असताना व्हर्जिनिया विद्यापीठाइतकं संथ खेळणारं मोठं नाव शोधून सापडलं नसतं. पॅक लाइन बचाव त्याच्या वडिलांनी, डिक बेनेटनी रचलेला: चेंडूवर एकजण आणि उरलेले चौघे बास्केटपासून साधारण सोळा फुटांच्या कल्पित रेषेच्या आत. 2018 मध्ये ही टीम मार्चच्या स्पर्धेत पहिल्या मानांकनाची होती आणि सोळाव्या मानांकनाच्या यूएमबीसी या विद्यापीठाकडून 74-54 अशी हरली. पुरुषांच्या स्पर्धेत असं तोवर कधीच झालं नव्हतं. बेनेटने शैली बदलावी असं सांगायला तेव्हा तज्ज्ञांची रांग लागली असेल. त्याने बदलली नाही, आणि 2019 मध्ये त्याच शैलीने टेक्सास टेकला ओव्हरटाइममध्ये 85-77 हरवून विजेतेपद घेतलं. वडिलांचं ऐकणारी मुलं असतात म्हणायची.

दुसऱ्या टोकाला ग्रिनेल कॉलेज. तिसऱ्या डिव्हिजनचं छोटंसं कॉलेज, पण त्यांची पद्धत अशी की पाचच्या पाच खेळाडू थोड्याथोड्या वेळाने बदलायचे, सतत प्रेस करायची, म्हणजे कोर्टभर अंगावर जाऊन अडवायचं, आणि मिळेल तिथून तीनचा शॉट मारायचा. 20 नोव्हेंबर 2012 ला, म्हणजे हंगाम नुकता सुरू झालेला असतानाच, त्यांच्या जॅक टेलरने एका सामन्यात 138 गुण केले. 108 शॉट मारले, त्यांतले 52 गेले. ही गोष्ट तुला माहीत असणार. समोरच्या फेथ बॅप्टिस्टच्या एका खेळाडूने त्याच सामन्यात 70 केले होते, हे माहीत होतं का? प्रेस मोडली की मागे बास्केट मोकळीच असते, ले-अप (बास्केटखालचा सोपा शॉट) घ्या आणि चेंडू लवकर परत करा, असा तो सौदा आहे. ग्रिनेल 179-104 जिंकलं. मला ती पद्धत आवडत नाही. आपण काय देऊन काय घेतोय, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं, ते मात्र आवडतं. तुमच्या टीमला ते ठाऊक आहे का? मोकळे ले-अप तुम्हीही देताय. विचारून कर म्हणतेय, कोचला जाऊन सुनावू नकोस.

मार्चचं म्हणशील तर आत्तापासून बेत करू नकोस, आणि एखादा सामना हरलात तर रडूही नकोस. यूकॉनचंच, म्हणजे कनेक्टिकट विद्यापीठाचंच बघ. 2022-23 मध्ये पहिले 14 सामने जिंकले, पुढच्या आठांत सहा हरले आणि शेवटी विजेते झाले. 2024 लाही तेच जिंकले. मग 2024 च्या नोव्हेंबरमध्ये हवाईतल्या माउईला गेले आणि मेम्फिस, कोलोराडो, डेटन यांच्याकडून लागोपाठ हरले. त्यांतल्या दोन हारी एक-दोन गुणांच्या, पण त्यांचा बचाव आदल्या वर्षीसारखा राहिला नव्हता हे तिन्ही सामन्यांत दिसत होतं. मार्चमध्ये दुसऱ्याच फेरीत फ्लोरिडाने त्यांना 77-75 असं घरी पाठवलं, आणि ते वर्ष फ्लोरिडाने जिंकलं. एका वर्षी सुरुवातीच्या निकालांनी काहीच सांगितलं नाही, दुसऱ्या वर्षी बरंच सांगितलं. निकालावरून ओळखायला गेलो तर फसतो, म्हणून तर मी जाळीखाली टप्पे मोजत बसते.

आता तुझ्या कामाचं. क्लिप कापताना आपल्यावर बास्केट झाल्यानंतरचं प्रत्येक पझेशन वेगळं काढ. दुसऱ्या हाफची शेवटची दहा मिनिटं वेगळी काढ. झोनपुढे, म्हणजे माणसाऐवजी जागा राखणाऱ्या बचावापुढे, तुमचा चेंडू कोपऱ्यात अडकतो, तेही एकत्र ठेव. हाय पोस्टला, फ्री थ्रोच्या रेषेजवळ, उभा असलेला मुलगा पास घेऊन बास्केटकडे वळतच नाही, चेंडू आला तसा परत बाहेर देतो. हे सगळं हेड कोचकडे नेऊ नकोस. तुझ्याशी बोलतात ते असिस्टंट कोच आहेत ना, त्यांच्या हातात दे आणि गप्प बस. त्यांनी विचारलं तरच बोल. पहिल्या वर्षाचा तो पॉइंट गार्ड टर्नओव्हर करतो म्हणून हॉस्टेलवर त्याची टिंगल चालते म्हणालास, त्यात तू सामील होऊ नकोस. त्याच्या टर्नओव्हरमधले निम्मे तरी पुढे धावणाऱ्याने मागे वळून न बघितल्यामुळे झालेत. तेही क्लिपमध्ये दिसतंय, त्याला एकदा दाखव.

पुढचा सामना बाहेरच्या कोर्टवर आहे म्हणालास. तो पाठवताना टाइमआउट कापू नकोस. बेंचवर कोण कुणाशी बोलतं आणि कोण टॉवेल डोक्यावर घेऊन बसतं, ते मला बघायचंय. बाबा विचारत होते की प्रवासात तुला टीमच्या बसमध्ये जागा मिळते की सामानाच्या गाडीतून जावं लागतं. त्यांना कळव.

तुझी,
आई