चोर सोडून संन्याशाला फाशी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

सर्व्हरवरची सी लायब्ररी (जवळपास प्रत्येक प्रोग्रॅम वापरतो तो सी भाषेतल्या तयार कामांचा संच) अद्ययावत केली की वर्षानुवर्षे चालणारे प्रोग्रॅम कोसळतात, तेव्हा जुन्याच आवृत्तीवर थांबणे शहाणपणाचे, असा सल्ला आपल्या तंत्रज्ञान पुरवणीतील लेखात दिला आहे. लक्षण अचूक टिपले आहे, पण निदान साफ चुकले आहे. लायब्ररीतला मेमरी वाटणारा भाग, म्हणजे मेमरीचा तुकडा (ब्लॉक) देणारा मॅलॉक आणि तो परत घेणारा फ्री, बहुतेक वेळा प्रोग्रॅममधला जुना दोष उघड्यावर आणतो. तो दोष त्याने निर्माण केलेला नसतो.

लिनक्सवरील ग्लिबसी या सी लायब्ररीचेच उदाहरण घेऊ. प्रोग्रॅमने अ ब्लॉक फ्री केला, मग ब, आणि चुकून पुन्हा अ. २०१७ च्या २.२६ आवृत्तीआधी छोट्या ब्लॉकांसाठी फ्री फक्त एवढेच पाहायचा, की मोकळ्या ब्लॉकांच्या यादीच्या डोक्यावर हाच ब्लॉक आहे का. डोक्यावर ब असल्याने अ बिनबोभाट दुसऱ्यांदा यादीत शिरायचा. २.२६ मध्ये प्रत्येक थ्रेडला (प्रोग्रॅममधल्या समांतर कामाच्या धाग्याला) मोकळ्या ब्लॉकांचा स्वतःचा छोटा साठा मिळाला, त्याचे नाव टीकॅश. त्याने वेग चांगलाच वाढवला, पण त्या पहिल्या रूपात एवढीही तपासणी नव्हती. परिणाम असा, की पुढे मॅलॉक तोच ब्लॉक दोन वेगळ्या मागण्यांना देतो. एका ठिकाणी ग्राहकाची नोंद लिहिली जाते, दुसरीकडून तिच्यावर भलतेच काही चढते आणि प्रोग्रॅम चुकीची माहिती घेऊन सुखाने चालत राहतो. फेब्रुवारी २०१९ च्या २.२९ आवृत्तीपासून टीकॅशमधल्या ब्लॉकवर खूण ठेवली जाऊ लागली. दुसरा फ्री आला की खूण दिसते, यादी तपासली जाते आणि ‘डबल फ्री डिटेक्टेड’ असे सांगून प्रोग्रॅम तिथेच थांबवला जातो. यालाच आपल्या लेखात ‘अपडेटमुळे बिघाड’ म्हटले आहे. माहिती गुपचूप नासण्यापेक्षा प्रोग्रॅम थांबलेला केव्हाही बरा.

दुसरा प्रकार अधिक फसवा आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो. ६४-बिट यंत्रावर ग्लिबसी प्रत्येक ब्लॉकच्या आधी ८ बाइटांत त्याचे माप लिहिते. मापे १६ च्या पटीत असल्याने त्या आकड्याचे खालचे बिट मोकळे राहतात. त्यातला सर्वात खालचा बिट ‘मागचा ब्लॉक वापरात आहे’ हे सांगतो. आता २४ बाइट मागितले, तर ब्लॉक ३२ चा होतो: ८ मापाचे, २४ वापराचे, शिल्लक शून्य. त्यात २४ बाइटांचे नाव भरले, तर नाव संपल्याची खूण असलेला शेवटचा शून्य-बाइट पंचविसावा ठरतो आणि तो थेट शेजारच्या ब्लॉकच्या मापावर पडतो. शेजारी २५६ चा ब्लॉक असेल तर तिथे २५७ (माप २५६ अधिक तो खालचा बिट) लिहिलेले असते, त्याचे २५६ होते. माप शाबूत, फक्त ‘मागचा वापरात’ हा बिट पुसला गेला.

लगेच काहीच होत नाही. २.२९ मध्ये टीकॅश मूळ मांडणीनुसार एका मापाचे सात ब्लॉक ठेवून घेतो आणि त्यावेळी हा बिट पाहतच नाही. साठा भरल्यावर हा ब्लॉक आठवा म्हणून फ्री झाला, की लायब्ररीला वाटते मागचा ब्लॉक मोकळा आहे, दोन्ही जोडून टाकू. मागच्याचे माप ती ज्या ८ बाइटांतून वाचते, तिथे त्या नावाची शेवटची आठ अक्षरे बसलेली असतात. अक्षरांचा आकडा करून ती तेवढे मागे जाते आणि कोसळते. बॅकट्रेसमध्ये (कोसळताना कोणती फंक्शने चालू होती त्या यादीत) सर्वात वर नाव फ्रीचे! चूक करणारी ओळ केव्हाच निघून गेलेली असते. कमी कामात सात ब्लॉक भरतच नाहीत, म्हणून चाचणीत सारे आलबेल आणि खरा भार आला की कोसळणे. शेजारचा ब्लॉक २७२ चा असता तर २७३ चे २५६ होऊन मापही खोटे ठरले असते. मग एकदाच फ्री करूनही ‘डबल फ्री ऑर करप्शन’ असा दिशाभूल करणारा संदेश येऊ शकतो. (जाता जाता: यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते. आठ चिन्हांतच २४ भरतात. रोमन नावांवर तपासलेला प्रोग्रॅम इथेच घसरतो.)

लेखात सुचवलेला ‘जेईमॅलॉक लावून बघा’ हा उपायही तपासून घ्यावा. जेईमॅलॉक हा मॅलॉकचा दुसरा पर्याय चांगला आहे, फ्रीबीएसडी या युनिक्सवंशी प्रणालीने ७.० पासून तो स्वीकारला. पण त्याच्याकडे २४ ची मागणी ३२ च्या खणात बसते, पंचविसावा बाइट मोकळ्या जागेत पडतो आणि तक्रार नाहीशी होते. दोष मात्र जागेवरच असतो.

वाटपाची पद्धत बदलली की जुनी भुते बाहेर पडतात, हे नवे नाही. २००८ मध्ये ओपनबीएसडी या प्रणालीचा मॅलॉक नव्याने लिहिताना ऑटो मोरबीक यांना याक या पार्सर (मजकुराची रचना ओळखणारा प्रोग्रॅम) बनवणाऱ्या साधनात एक दोष सापडला. त्याचे मूळ १९७५ च्या सहाव्या आवृत्तीच्या युनिक्सपर्यंत गेले.

तरीही लायब्ररी सोवळी आहे असे कोणी समजू नये. त्याच २.२६ मध्ये टीकॅशच्या नव्या वाटेवर एक तपासणी राहून गेली होती. जवळपास कमाल मापाची मागणी केली तर मापाची बेरीज कमाल आकड्यापलीकडे जाऊन शून्याजवळ उलटे आणि मॅलॉक नकार देण्याऐवजी अगदी छोटा ब्लॉक देई. सुरक्षा-त्रुटी म्हणून तिची सीव्हीई-२०१७-१७४२६ अशी नोंद झाली आणि २.२७ मध्ये ती दुरुस्त झाली. वाटप सांभाळणाऱ्यांची खरी कसोटी इथेच असते: सर्वात जास्त वेळा चालणाऱ्या वाटेवरची एकेक तुलना वेग खाते, पण तीच वगळली की दार उघडे राहते. २.२९ च्या तपासण्यांची किंमत मोजण्यासारखी होती, असे माझे स्पष्ट मत आहे.

मग करायचे काय? आधी प्रोग्रॅम अ‍ॅड्रेस सॅनिटायझर चालू करून पुन्हा कंपाइल करावा. तो म्हणजे कंपायलरमधला मेमरीच्या चुका पकडणारा पहारेकरी: ब्लॉकांभोवती निषिद्ध पट्टे ठेवतो आणि चुकीचे लिखाण होते त्याच ओळीवर थांबतो. सोर्स हाती नसेल तर तयार प्रोग्रॅमवरच अशा चुका शोधणारा व्हॅलग्रिंड वापरावा. वेग २०-३० पटींनी घटतो, म्हणून छोट्या माहितीवर चालवावा. २.३४ पासून ग्लिबसीची स्वतःची मॅलॉक-तपासणी वेगळ्या डीबग लायब्ररीत गेली आहे. ती एलडी-प्रीलोडने (इतरांआधी लायब्ररी चढवण्याच्या सेटिंगने) आधी चढवली नाही, तर तपासणीची सेटिंग देऊनही काहीच होत नाही आणि माणूस ‘दोष नाही’ म्हणून निश्चिंत होतो. टीकॅशची मर्यादा शून्य करून बघणे प्रयोग म्हणून ठीक आहे: कोसळण्याची जागा बदलली, तर हीप (मॅलॉक जिथून ब्लॉक देतो ती मेमरी) नासल्याचा संशय बळावतो. ती सेटिंग कायम ठेवणे हा उपाय नव्हे.

एवढे करूनही सॅनिटायझर काहीच बोलला नाही, तर मग खुशाल लायब्ररीकडे बोट दाखवावे. तक्रारीसोबत ग्लिबसीची नेमकी आवृत्ती, संदेश अक्षरशः जसा आला तसा, आणि दोष पुन्हा घडवणारा शक्य तितका छोटा प्रोग्रॅम जोडावा. नुसत्या बॅकट्रेसवरून लायब्ररी सांभाळणाऱ्या कोणालाही काही सांगता येणार नाही. त्यात फ्रीचे नाव असतेच.

आपला,
एक सिस्टिम प्रोग्रॅमर वाचक