महापेच्या ताईंना, फ्लेमिंगो ग्रुपकडून

ताई, नमस्कार.

हे असं चारचौघांत लिहिलेलं तुम्हाला आवडणार नाही, माहीत आहे. जाताना "थँक्यू वगैरे नको, तेवढा पासवर्ड बदला" एवढंच म्हणालात. पासवर्ड बदलला. आता आमच्या फोटोंचं अडलेलं अपलोड मोकळं केल्याबद्दल थँक्यू.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. नवी मुंबईतल्या नेरूळ, सीवूड्स, ऐरोलीकडचे आम्ही काही हौशी लोक नोव्हेंबर ते मे खाडीकाठी फ्लेमिंगोंचे फोटो काढतो. २०२२ साली ठाणे खाडी रामसर यादीत (जगभरातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत) गेली आणि हौशींची संख्या वाढली, तसे फोटोही वाढले. व्हॉट्सॲपवर टाकलेला फोटो दाबला जातो आणि पक्ष्याच्या पायातल्या कडीवरची अक्षरं एकमेकांत मिसळून जातात. त्या कडीवरूनच तर पक्ष्याची ओळख पटते. म्हणून मूळ रॉ फाइल (कॅमेऱ्यातून निघते तशीच) लागते, एकेक २५-३० एमबीची. ती ठेवायला माझ्या घरी टीव्हीच्या कपाटात एक रास्पबेरी पाय ४ नावाचा तळहाताएवढा कॉम्प्युटर आहे, १ जीबी रॅमचा. त्याला बाहेरची यूएसबी डिस्क, वर एंजिनएक्स (वेबसाइट चालवणारा सर्व्हर प्रोग्राम) आणि पीएचपी भाषेतला साधा अपलोडचा फॉर्म. वर्षभर गुण्यागोविंदाने चाललं.

यंदा मात्र अपलोड रांगायला लागलं. सभासदाच्या घरून ४० एमबीपीएसने (मेगाबिटने, म्हणजे सेकंदाला ५ एमबीने) डेटा निघत असेल तर ३० एमबीच्या फोटोला सहा सेकंद लागायला हवीत. पहिले काही फोटो तसे जायचेही, सटासट. मग पट्टी दमल्यासारखी व्हायची, आणि रविवारी संध्याकाळी तिघं-चौघं एकदम बसले की एकेका फोटोला दोन-दोन मिनिटं. सल्ल्यांचा तर पाऊस. राउटर बदला, प्लॅन वाढवा, हे खेळणं फेकून मोठी मशीन घ्या, क्लाउडवर जा. लाइनवाल्याचा मुलगा येऊन गेला, मोबाइलवर स्पीड टेस्ट दाखवली आणि "आमच्याकडून सगळं ओके आहे" म्हणाला. (खोटं बोलत नव्हता बिचारा, हे नंतर कळलं.)

तुम्ही रात्रपाळी संपवून महापेहून सरळ आमच्याकडे आलात, डोळ्यांत झोप घेऊन. चप्पल काढता काढता पहिला प्रश्न विचारलात: "डाउनलोड कसं चालतं?" मी म्हटलं, सुसाट. तुम्ही "हं" म्हणालात. तेव्हा तो "हं" मला कळला नव्हता. तीच लाइन, तोच राउटर, तीच डिस्क, आणि एका दिशेला सगळं व्यवस्थित. इतके दिवस आम्ही सगळे लाइनला शिव्या देत होतो, पण हा प्रश्न एकालाही सुचला नव्हता.

मग मोजामोजी. इंटरनेट बाजूलाच ठेवलंत. लॅपटॉप केबलने राउटरला लावून घरातल्या घरात, लॅपटॉप ते पाय, वेग मोजणारं आयपर्फ चालवलंत. आकडा आला ९४ एमबीपीएस. तुम्ही हसलात, कारण ९४ म्हणजे गिगाबिटचं (हजार एमबीपीएसचं) पोर्ट शंभरावर चालतंय. पायपासून राउटरपर्यंतची केबल उपटून तिचं टोक खिडकीपाशी उजेडात धरलंत आणि मला दाखवलंत: आठ तारांपैकी तपकिरी जोडीच्या टोकाला हिरवट बुरशीसारखा थर. आमच्याकडचा पावसाळा आणि खाडीची हवा, दुसरं काय. शंभरला दोन जोड्या पुरतात, गिगाबिटला चारही लागतात, त्यामुळे एक जोडी गेली तरी नेट "चालू"च दिसतं. पिशवीतली नवी पॅच कॉर्ड लावलीत, आकडा ९४० झाला. मी टाळी द्यायला हात पुढे केला तर म्हणालात, "थांबा. हे सापडलं ते चांगलंच, पण हा तुमचा चोर नाही. तुमच्या लोकांच्या घरून मुळात चाळीस-पन्नासच येतंय, त्याला शंभरचा रस्ता पुरेसा होता."

ताई, खरं सांगतो, दुसरा कुणी असता तर तिथेच चहा पिऊन गेला असता.

पुढचा अर्धा तास मी विसरणार नाही. माझ्या मुलीला आतल्या खोलीत बसवून मोठा व्हिडिओ अपलोड करायला लावलंत, आणि इकडे स्क्रीनवर दोन काळ्या खिडक्या उघडल्यात. एका खिडकीत एंजिनएक्सचं तात्पुरतं फोल्डर. तिथे 'नऊ शून्यं आणि एक सात' अशा नावाची फाइल फुगत होती. मुलगी आतून ओरडली, "शंभर टक्के झालं, पण संपलं म्हणत नाहीये!" त्याच क्षणी दुसऱ्या खिडकीत, टेम्प फोल्डरमध्ये, पीएचपीची फाइल फुगायला लागली. ती भरली, आणि मग कुठे यूएसबी डिस्कवर फाइल उमटायला सुरुवात. म्हणजे एकच व्हिडिओ तीनदा लिहिला जात होता, आणि त्यातल्या पहिल्या दोन वेळा त्या नखाएवढ्या एसडी कार्डावर, ज्यावर पायची सगळी सिस्टिम आहे. तुम्ही डीडी या कमांडने दोन्हीकडे लिहून बघितलंत: डिस्क सेकंदाला ११० एमबी, कार्ड जेमतेम तीन. कार्ड जुनं, लिहून लिहून थकलेलं.

मग सगळी कोडी एकदम सुटली. डाउनलोड सुसाट, कारण ते थेट डिस्कवरून जातं, कार्डाच्या वाटेलाच जात नाही. पहिले फोटो सटासट, कारण लिनक्स (पायची ऑपरेटिंग सिस्टिम) आधी रॅममध्ये साठवतं आणि मागाहून सावकाश लिहितं. १ जीबीत ती उधारी किती चालणार? हद्द भरली की लिहिणाऱ्याला थांबवतं, एंजिनएक्स थांबलं की ते समोरून येणारा डेटा उचलत नाही, आणि तिकडे सीवूड्समध्ये बसलेल्या माणसाला वाटतं आपलं नेट गेलं.

उपाय दोन ओळींचा. एंजिनएक्सचा 'क्लायंट बॉडी टेम्प पाथ' आणि पीएचपीची 'अपलोड टेम्प डिर', दोन्ही डिस्कवर नेलेत. तात्पुरती जागा आणि कायमची जागा एकाच फाइल सिस्टिमवर आल्यामुळे शेवटची नक्कलही वाचली. आता फाइल हलत नाही, फक्त नाव बदलतं. मी शहाणपणा करून विचारलं, एंजिनएक्सचं हे आधी साठवून ठेवणं बंदच केलं तर? तुम्ही म्हणालात, करता येतं, पण मग मंद नेटवाला माणूस अपलोड संपेपर्यंत पीएचपीचा एक कामगार (एका वेळी एकाचंच काम करणारी प्रोसेस) अडवून बसेल. आपल्याकडे कामगार पाच. पाच मंद माणसं आली की साइट सगळ्यांसाठी बंद. राहू दे तसंच. हे उत्तर मला दुरुस्तीपेक्षाही जास्त आवडलं. काय करायचं हे नेटवर शंभर जण सांगतात, काय करायचं नाही आणि का, हे सांगणारा भेटत नाही.

ऐरोलीच्या आजोबांचं प्रकरण तर वेगळंच निघालं. बाकी सगळ्यांचं सुरळीत झालं, त्यांचं मात्र लहान फाइल जायची आणि मोठी अडकायची. तुम्ही कामावर जाताना बसमधून फोनवर सांगून त्यांना कॉम्प्युटरवरून पिंग (चाचणीचं पाकीट पाठवून उत्तर येतं का बघणं) करायला लावलंत, आधी १४७२ बाइट आकाराचं, मग १४६४चं. आजोबा एकेक अक्षर मोठ्याने वाचत होते: १४७२ला 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट', १४६४ला उत्तर हजर. त्यांचं कनेक्शन पीपीपीओईचं (लॉगिन करून जोडायच्या पद्धतीचं), त्यात ८ बाइट त्या वेष्टनातच जातात, आणि राउटरमध्ये एमटीयू (एका पाकिटाचा जास्तीत जास्त आकार) १५०० लिहून ठेवलेला. मोठी पाकिटं वाटेत गुपचूप गळत होती. १४९२ केलं (१४६४ आणि वर पिंगच्या वेष्टनाचे २८) आणि काम झालं. ७४ वर्षांचे आजोबा आता ग्रुपवर प्रत्येकाला त्याचा एमटीयू विचारत सुटलेत, तो त्रास मात्र तुमच्या खात्यावर.

कॉन्फिग फाइलमध्ये प्रत्येक बदलाच्या वर तुम्ही मराठीत लिहून ठेवलंय, 'कार्ड मंद आहे म्हणून इथे आणलं, परत हलवू नका'. मी परवा ती फाइल उघडली तेव्हा दिसलं. हे करायला कुणी सांगितलं नव्हतं. उद्या मी नसलो तरी दुसऱ्याला कळेल, एवढा विचार तुम्ही रात्रपाळी करून आल्यावर केलात.

नवीन राउटर नाही, नवीन मशीन नाही, क्लाउडचं भाडं नाही. खर्च झाला तो एका पॅच कॉर्डचा, आणि त्याचे पैसे तुम्ही अजून घेतलेले नाहीत. उपम्यावर ते फिटले असं तुम्ही म्हणालात, पण सौ.ला ते मान्य नाही, कारण तुम्ही दुसऱ्यांदा घेतला नाहीत.

या महिन्यात ऐरोलीहून खाडीतली बोट करायची आहे. वेळ भरतीवर ठरते, त्यामुळे पहाटेची निघेल की दुपारची हे तक्ता बघून सांगतो. तुम्हाला कुठल्या रविवारी रात्रपाळी नाही तेवढं कळवा, तुमची जागा धरून ठेवली आहे.