डास नव्हेत, कांजिण्याच

पुणे,
शुक्रवार

ती. आई आणि ती. बाबांस,
शि. सा. नमस्कार.

फोनवर सगळं सांगून झालं असं मी धरून चालले होते. पण काल रात्री दादाचा फोन आला तेव्हा कळलं की वहिनीच्या डोहाळजेवणाच्या यादीत आईनं आम्हा तिघांची नावं अजून तशीच ठेवलीत. आईला फोनवर निम्मं ऐकू येत नाही आणि बाबा फोन स्पीकरवर टाकून स्वतःच बोलत बसतात, म्हणून हे पत्र. बाबा, मोठ्यानं वाचून दाखवा, आणि मधे स्वतःची भर घालू नका.

आधी मुद्द्याचं. चिकूला कांजिण्याच आल्यात. तो मजेत आहे, खातोय, घरभर गाडी फिरवतोय, पण त्याला घेऊन आम्ही मिरजेला येणार नाही. मी एकटी येईन की नाही ते पुढे लिहिते.

आई, फोटो बघून तू म्हणालीस, “डास चावलेत गं, मच्छरदाणी लावत जा.” फोटोत दिसतंही तसंच. आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकू घामोळं म्हणाल्या, पाळणाघरातल्या ताई उष्णता म्हणाल्या. कुणीच कांजिण्या म्हणालं नाही, कारण कांजिण्या म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांपुढे अंगभर फोड, फणफणलेला ताप आणि अंधाऱ्या खोलीत पडलेलं पोर येतं. मला आल्या तेव्हा मी तशीच होते, ते तू हजारदा सांगितलंयस. चिकूच्या अंगावर सगळे मिळून पंचवीस-तीस डाग असतील. ताप म्हणावा तर आदल्या दिवशी अंग जरा कोमट लागत होतं आणि जेवताना किरकिर केली, एवढंच.

हे असं का, तर त्याला लस दिलेली आहे. लस न घेतलेल्या मुलाच्या अंगावर अडीचशे ते पाचशे फोड सहज येतात. लस घेऊनही कुणाकुणाला कांजिण्या होतातच, पण मग बहुतेक वेळा पन्नासच्या आत डाग, ताप नाही किंवा नावापुरता, आणि पाण्यानं भरलेले फोड तर फारच थोडे. नुसत्या लाल पुळ्या उठतात आणि बसतात. “मग एवढे पैसे घालवून लस दिली कशाला?” असं बाबा विचारणार. याचसाठी दिली. चिकूचा एकच डोस झालाय, दुसरा राहिलाय. एका डोसानं जोराच्या कांजिण्या जवळजवळ टळतात, सौम्य मात्र काहींना होतात. दोन डोसांनी त्याही बऱ्याच कमी होतात. सरकारी दवाखान्यातल्या मोफत लसींत ही नसते, बालरोगतज्ज्ञांकडे विकत घ्यावी लागते, म्हणून पुष्कळ मुलांची राहून जाते. आणि बाबा, तुम्हाला असल्या गोष्टी आवडतात म्हणून सांगते: ही लस काढली जपानच्या मिचिआकी ताकाहाशी नावाच्या डॉक्टरांनी, १९७४ साली. ते अमेरिकेत असताना त्यांच्या छोट्या मुलाला फार जोराच्या कांजिण्या झाल्या होत्या. पोराचे ते हाल बघून माणूस या रोगाच्या मागेच लागला.

आता आम्हाला कळलं कसं, ते आईसाठी सविस्तर. संध्याकाळी आंघोळ घालताना पाठीवर चार-पाच पुळ्या दिसल्या. मलाही डासच वाटले. पण चड्डीच्या इलॅस्टिकखाली कमरेला दोन होत्या, आणि तिथे डास कसा शिरणार? मग डोक्यावरून पाणी ओतताना कानामागे केसांत एक हाताला लागली. डास चावतात ते उघड्या हातापायांवर. कांजिण्या पोट, पाठ, छाती, तोंड आणि केसांत सुरू होतात, हातापायांवर नंतर आणि कमी. मोबाइलचा टॉर्च आडवा धरून पाहिलं तर छातीवरच्या एका पुळीच्या टोकाला पाण्याचा बारीक थेंब चकाकत होता. डॉक्टरांच्या पुस्तकात याला गुलाबाच्या पाकळीवरचं दव म्हणतात म्हणे. रात्रभर खाजवणाऱ्या पोराशेजारी जागलेल्या कुठल्याही बाईला ही उपमा सुचली नसती.

सकाळी त्या थेंबाची जागा मळकट झाली होती आणि पोटावर नव्या तीन पुळ्या होत्या. कांजिण्यांची खरी खूण ही, त्या टप्प्याटप्प्यानं येतात. एकाच वेळी कुठे नुसता लाल डाग, कुठे फोड, कुठे धरत आलेली खपली. बाबा, देवीच्या रोगाचं तुम्ही विचारलं होतंत, त्यात बरोब्बर उलटं असायचं: सगळे फोड एका वयाचे, आणि तोंडावर नि हातापायांवर जास्त. ती भीती मनातून काढून टाका. आपल्या देशातून देवी १९७५ पासून गेल्या, तुमच्या दंडावरचा देवीच्या लशीचा तो गोल वण तेवढा उरलाय.

गेल्या पावसाळ्यात त्याला तळहात, तळपाय आणि तोंडात फोड आले होते, आठवतं? तेव्हा आईच म्हणाली होती कांजिण्या म्हणून. तो वेगळा आजार, हात-पाय-तोंडाचा. त्यात तळवे धरतातच, कांजिण्यांत ते बहुतेक मोकळे राहतात. घामोळं मानेच्या वळीत आणि काखेत दाट येतं आणि वाऱ्याला बसवलं की उतरतं. पित्ताच्या गांधी तासा-दोन तासांत जागा बदलतात. चिकूच्या पुळ्या जागच्या हलल्या नाहीत. पण एवढं सगळं ताडून बघूनही मी गोंधळलेलीच राहिले असते, पाळणाघरातल्या एका मुलीला मागेच कांजिण्या झाल्यात हे माहीत नसतं तर. डॉक्टरांनीही अंग बघायच्या आधी तेच विचारलं, “आजूबाजूला कुणाला आहेत का?” लागण झाल्यापासून अंगावर उठायला दहा ते एकवीस दिवस लागतात, बहुधा दोन आठवडे. हिशेब जुळला. सौम्य कांजिण्या नुसत्या कातडीवरून ओळखणं डॉक्टरांनाही अवघड जातं, असं त्या स्वतःच म्हणाल्या.

औषध विशेष काही नाही. तापापुरतं वजनाच्या मापानं पॅरासिटामॉल, खाजेला कॅलामाइन आणि रात्री एक खाजेचं औषध, नखं कापून टाकलीत. आई, तुझा कडुलिंब चालू आहे, कोमट पाण्यात पाला टाकून आंघोळ घालते. डॉक्टर नुसत्या हसल्या, नको म्हणाल्या नाहीत. आंघोळ मात्र बंद ठेवायची नाही, घामानं खाज वाढते आणि खाजवलेल्या जागा चिघळतात. पाला अंगावर घासायचा नाही. फोडणी न देण्याचं म्हणशील तर सध्या देत नाहीये, तुझ्या समाधानासाठी. तशीही त्याला दहीभातच हवा असतो. बाहेरून आलेल्याला थेट आजाऱ्याच्या खोलीत घ्यायचं नाही हा आजीचा दंडक मात्र मी मनापासून पाळतेय.

एक गोष्ट मात्र दोघांनी ध्यानात ठेवा, उद्या दादाच्या बाळालाही लागेल. बाबांची रक्त पातळ ठेवायची जी गोळी आहे ना, ॲस्पिरिनची, ती किंवा पाण्यात विरघळवून घ्यायची डोकेदुखीची गोळी कांजिण्यांतल्या मुलाला अर्धीसुद्धा द्यायची नाही. त्यातून यकृताला आणि मेंदूला धोका होतो, क्वचित होतो पण जिवावर बेततं. आयबुप्रोफेनचं पातळ औषधही या दिवसांत डॉक्टर नको म्हणतात. आणि ताप चार दिवसांवर गेला, एखादा फोड लालभडक होऊन आजूबाजूची जागा तापली, मूल झोकांड्या देत चालायला लागलं, धाप लागली किंवा उलट्या करून पेंगायला लागलं, तर रात्र असली तरी दवाखाना गाठायचा. चिकूला यातलं काही नाही.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते. आई म्हणाली, “इतक्याशा तर आहेत, अंगरख्याखाली झाकल्या की दिसणारही नाहीत, घेऊन ये.” आई, त्याला थोड्या आल्यात म्हणून त्या कमी लागतील, हे खरं आहे. पन्नासच्या आत डाग असलेल्या लस घेतलेल्या मुलापासून लागण पुष्कळ कमी होते. पण होते. आणि त्याच्यापासून ज्याला लागतील त्याला त्या थोड्याच येतील असं मुळीच नाही. वहिनीला सातवा चालू आहे. गरोदरपणी, त्यातही शेवटच्या महिन्यांत, कांजिण्या झाल्या तर आईला न्यूमोनिया होऊ शकतो. बाळंतपणाच्या अगदी तोंडावर झाल्या तर बाळाच्या जिवाशी गाठ.

म्हणून डोहाळजेवणाच्या आधी एक काम करा. वहिनीला लहानपणी कांजिण्या येऊन गेल्या का, हे तिच्या आईंना विचारा. त्यांना नक्की आठवत असेल तर उत्तम. “गोवर होता की कांजिण्या, कोण जाणे” असं उत्तर आलं तर दादानं तिला तिच्या डॉक्टरांकडे नेऊन रक्ताची तपासणी करून घ्यावी. शरीरात कांजिण्यांविरुद्धची प्रतिकारशक्ती आहे की नाही ते त्यात कळतं. मिरजेत दवाखान्यांना काय तोटा! असेल तर सगळ्यांचा जीव भांड्यात. नसेल तर आता लस देता येत नाही, ती जिवंत विषाणूची असते, बाळंतपणानंतर देतात. पण नाही हे कळलं तरी सावध राहता येतं, आणि चुकून कुणाच्या सहवासात आलीच तर त्याच दिवशी डॉक्टरांना सांगायचं. दहा दिवसांच्या आत तयार प्रतिपिंडांचं, म्हणजे विषाणूशी लढणाऱ्या घटकांचं, इंजेक्शन देता येतं.

आणि यादीत आमची तीन नावं खोडून भागणार नाही. थंडी संपून ऊन तापायला लागलं की कांजिण्यांचा मोसम सुरू होतो, आणि तुझ्या यादीत पोरं किती आहेत बघ. त्यांच्या आयांना साधं विचार, “अंगावर काही उठलंय का, शाळेत कुणाला आहे का?” वाईट कुणाला वाटणार नाही, आणि वाटलं तर माझ्या नावावर घाल, मला तसंही शिष्ट म्हणतातच. अंगावर उठायच्या एक-दोन दिवस आधीपासूनच मूल दुसऱ्याला देत असतं, त्यामुळे शंभर टक्के खात्री नाहीच. पण “डास चावलेत” म्हणून आलेलं एखादं पोर तरी दारातून परत जाईल.

चिकू कधी मोकळा होईल हे विचाराल. सगळ्या फोडांवर खपल्या धरल्या की. ज्या पुळ्यांना फोड आलाच नाही त्यांना खपली कुठून यायची? त्यांच्या बाबतीत नवं काही न उठता पूर्ण एक दिवस जायला हवा. घोळ वेगळाच आहे. तुमच्या जावयांना कांजिण्या आल्या होत्या का हे सासूबाईंना आठवत नाही. स्वतःच्या त्यांना चांगल्या आठवतात, कपाळावरचा वणही दाखवतात, पण मुलाचं नाही. म्हणजे जावयांना लागल्या असतील तर तीन आठवड्यांपर्यंत कधीही उठतील, आणि मोठेपणी जास्त त्रास देतात. डोहाळजेवण त्याच्या आत येतंय. त्यांनी दोन दिवसांतच डॉक्टरांना विचारून लस घेतली, लागण झाल्यावर लगेच घेतली तर पुष्कळदा टळतात. तरी ते मिरजेला यायचे नाहीत. मला मात्र येऊन गेल्यात, मी कपड्यांवरून आणणार नाही. चिकूच्या खपल्या धरल्या आणि सासूबाई त्याच्याजवळ थांबल्या तर मी एकटी सकाळच्या गाडीनं येऊन रात्री परत जाईन. हिरवी साडी घेऊन ठेवलीय, मला नाही जमलं तर दादाबरोबर देईन.

राहिला बाबांचा प्रश्न, “मला परत नागीण होईल का याच्यापासून?” नाही होणार. नागीण चिकूकडून येत नाही, ती तुमची तुमच्यातच असते. लहानपणच्या कांजिण्यांचा विषाणू मज्जातंतूंच्या मुळाशी दबा धरून बसतो आणि वय झालं, अंग खालावलं की एका बाजूनं पट्ट्यासारखा वर येतो. उलट तेव्हा तुमच्या फोडांपासून चिकूला कांजिण्या होऊ शकल्या असत्या, म्हणून तर त्या वेळी मी त्याला तुमच्या मांडीवर बसू देत नव्हते आणि तुम्ही रुसला होतात. नागिणीचं तोंड आणि शेपूट जुळलं की माणूस जातो, हे तात्या सांगतात ते सोडून द्या. पन्नाशीपुढच्यांसाठी नागिणीची लस आता आपल्याकडे मिळते, महाग आहे. तुमच्या डॉक्टरांना विचारून ठेवा, पैशांचं मी बघते.

वहिनीचा रिपोर्ट आला की लगेच फोटो पाठवायला सांगा. पण पूर्ण पान येऊ द्या बाबा, मागच्या वेळी साखरेच्या रिपोर्टचा तुम्ही फक्त लॅबचं नाव आणि देवीचं चित्र असलेला वरचा भाग पाठवला होता.

तुमची,
मनी